बोटं न माखता

गेनादी आला तेव्हा मे महिना होता, सत्त्याऐंशीचा.
तो कूलरसमोरून हलेचना.
वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे असा बघायचा
जणू एवढी एकच गोष्ट
आपण त्याच्या देशाला शिकवू शकत होतो.

मी अंबाझरीच्या फॅक्टरीत दुभाष्या.
त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं,
मग डहाके साहेबांच्या कानाशी
ते कारखान्याच्या इंग्रजीत हळूच ठेवायचं.
'नक्की' म्हणजे पुढच्या तिमाहीत,
'पुढच्या तिमाहीत' म्हणजे नाही.
हे कोशात नव्हतं.

एकदा त्यानं विचारलं, तुमचा तो शब्द, अलिप्त,
नेमका काय?
आमच्याकडे त्याचा अर्थ न जोडलेला.
यार्डात डबा सुटा उभा असतो ना, तसा.
मी म्हटलं, नाही हो. लिप्त म्हणजे माखलेला.
अलिप्त म्हणजे पंगतीत बसायचं, पोटभर जेवायचं,
अन् बोटं माखू द्यायची नाहीत.

त्या रात्री आम्ही त्याला सावजीकडे नेलं.
रस्सा कोपरापर्यंत ओघळला.
तो रडत होता, हसत होता, पाणी मागत होता,
आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाला,
तूसुद्धा.

मग एका डिसेंबरानंतर
पत्रांच्या डोक्यावरचं देशाचं नाव बदललं.
खाली सही तीच, शाई फिकी.
सुट्या भागांची यादी मी सात वेळा पाठवली.
आठव्यांदा उत्तर आलं: डॉलरमध्ये. आगाऊ.
डहाके साहेबांनी कागद उलटा करून पाहिला,
मागे मैत्रीचं काही लिहिलंय का.
नव्हतं बाप्पा.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी धरमपेठेत
फ्रेंचच्या शिकवणीला बसलो, पोट्ट्यांमध्ये.
पुढे अमेरिकन आले, तीनशे पानांचा करार घेऊन.
त्यात एक कलम: विकलेली वस्तू कुठे ठेवलीय
ते कधीही येऊन बघू.
पान दोनशे अकरावर आमच्या ठवरे कारकुनानं
शिसपेन्सिलीनं लिहिलं,
पाहुण्यांनी आधी फोन करावा.
त्या एका ओळीवर चौदा महिने गेले.
शेवटी ती राहिली, जरा सभ्य शब्दांत.
मला वाटतं, देश मोठा होतो तो असाच,
समासात, खोडता येईल अशा अक्षरांत.
ठवरेला बढती मिळाली नाही.

आणि ज्याच्याशी बर्फात डोळे वटारणं चालू आहे
त्याच्याच देशातला पंखा
माझ्या डोक्यावर फिरतो.
बर्डीवर घेतला. वॉरंटीशिवाय. बरा चालतो.

शाल्मली, माझी मुलगी, सोनेगावला रडारवर असते.
रात्रपाळीत तिच्या पडद्यावरून
दोह्याचं, मॉस्कोचं, शांघायचं, कुणाकुणाचं विमान जातं.
नागपूर त्यांना दिसतही नाही,
फक्त तिचा आवाज ऐकू येतो.
मी विचारलं, तू कुणाच्या बाजूनं गं?
बाबा, बाजू नसते. उंची असते.
एकाला पस्तीस हजार, दुसऱ्याला छत्तीस.
दोघांनी एकच मागितली तर?
तर आवाज चढवायचा नाही,
पण लवकर ठरवायचं.

आणि चुकलं तर, हे मी विचारलं नाही.
तिनंही डबा भरायला घेतला.

आता गच्चीवर गादी टाकून पडलोय.
ऊन उतरलंय, सिमेंट अजून तापलेलं.
वरून एक दिवा चाललाय, खूप वर, लुकलुकत,
त्याला छेदून दुसरा.
कोण कुठला ते इथून कळत नाही.
मधलं अंतर मात्र
माझ्या घरचं कुणीतरी मोजतंय.

आज रविवार. जेवणात सावजी होतं.
हात दोनदा धुतले, साबणानं.
तरी.